पहिला नंबर आला म्हणून घरी गेलेली टीम

वॉशिंग्टन डीसीत नोमा मेट्रो स्टेशनजवळ आरईआय नावाचं एक भलंमोठं दुकान आहे, तंबू, ट्रेकिंगचे बूट, सायकली, होड्या असलं सगळं मिळतं तिथे. इकडे नवीन आलेला देसी माणूस पहिल्याच समरमध्ये "कॅम्पिंग करायचंच" म्हणून तिथे जातो आणि किमती बघून गपचूप बाहेर येतो. आम्हीही गेलो. नवरा स्लीपिंग बॅगचे टॅग वाचत बसला, उणे किती डिग्रीपर्यंत चालते वगैरे (व्हर्जिनियात, जूनमध्ये!), आणि मी मान वर करून बघत राहिले कारण वरचं छप्पर दुकानाचं वाटतच नव्हतं, काँक्रीटची प्रचंड कमान, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मध्ये एक खांब नाही.

तर हे आहे जुनं युलाईन अरीना. मिगेल युलाईन नावाच्या बर्फाच्या व्यापाऱ्याने १९४१ मध्ये बांधलेलं, मुख्य म्हणजे आईस हॉकीसाठी. बीटल्सचा अमेरिकेतला पहिला कॉन्सर्ट इथेच झाला, ११ फेब्रुवारी १९६४ ला, आणि त्याबद्दल सगळेच सांगतात. नंतर या जागेची इतकी वाट लागली की काही वर्षं इथे शहराचा कचरा आणून टाकायचे. असो, मला बीटल्सबद्दल नाही लिहायचंय. मला सांगायचंय इथल्या एका बास्केटबॉल टीमबद्दल आणि तिच्या १९४७ च्या एप्रिलबद्दल, कारण घरी आल्यावर वाचायला बसले आणि रात्रीचे दोन वाजले.

आज आपण ज्याला एनबीए म्हणतो तिचं पहिल्या सीझनचं नाव बीएए होतं, बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका. जून १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात स्थापना झाली, आणि कोणी केली तर बास्केटबॉलवर जीव असलेल्यांनी नाही, मोठमोठ्या हॉल्सच्या मालकांनी! हॉकी आणि आईस शो नसतील त्या रात्री हॉल रिकामा पडतो, भाडं बुडतं, मग काहीतरी घुसवा तिथे, एवढा साधा हिशोब. अध्यक्ष केला तो मॉरिस पोडोलॉफ, पेशाने वकील, आणि तोही हॉकी लीगचाच अध्यक्ष. ११ टीम, प्रत्येकी ६० मॅचेस.

त्यात आमच्या (हो, आता आमच्याच, इतकी वर्षं टॅक्स भरतोय) वॉशिंग्टन कॅपिटल्सने काय केलं तर ६० पैकी ४९ जिंकल्या. सलग १७ जिंकल्या मधे एकदा. आणि या युलाईन अरीनात, होम ग्राउंडवर, ३० पैकी २९. कोच होता रेड आउरबाख, वय २९, नंतर बॉस्टनला जाऊन ९ टायटल्स जिंकणारा, ओठात सिगार धरून बसणारा तोच. त्या सीझनची विजयांची टक्केवारी पुढे २० वर्षं कुठल्या टीमला मोडता आली नाही, १९६७ मध्ये फिलाडेल्फियाने मोडली.

आणि ही टीम फायनललाच पोचली नाही.

आता इथे प्लेऑफचा फॉरमॅट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथे आहे. लीगचे दोन गट, ईस्ट आणि वेस्ट. आपल्याला वाटणार की ईस्टचा पहिला, वेस्टचा दुसरा असं काहीतरी क्रॉस करून खेळवतील. नाही. ईस्टचा पहिला विरुद्ध वेस्टचा पहिला, बेस्ट ऑफ सेव्हन (आधी चार जिंकेल तो पुढे), थेट सेमी फायनल. दुसरे दोघं आपसात, तिसरे दोघं आपसात, तेही बेस्ट ऑफ थ्री, मग त्यांतले जिंकलेले एकमेकांशी, आणि तिथून जो वर येईल तो फायनलला. म्हणजे लीगमधल्या दोन अव्वल टीमपैकी एक फायनलच्या आधी बाहेर जाणार हे ठरलेलंच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांपैकी एकाची फायनलची सीट पक्की! आयपीएलमध्ये पहिले दोन क्वालिफायर वन खेळतात, पण हरणाऱ्याला अजून एक चान्स असतो ना, इथे तो चान्सच नाही, हरलात की सामान भरा.

त्याहून भारी म्हणजे वेस्टमध्ये शिकागो स्टॅग्ज आणि सेंट लुईस बॉम्बर्स ६० मॅचनंतर बरोबरीत होते, म्हणून पहिला कोण हे ठरवायला एक जादा मॅच खेळवली. शिकागो जिंकलं. बक्षीस काय, तर ४९-११ वालं वॉशिंग्टन. सेंट लुईस हरलं, तर त्यांना सोपा बाजूचा रस्ता मिळाला. (तिथेही ते फिलाडेल्फियाकडून २-१ ने हरलेच, तो भाग वेगळा.)

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे शुद्ध अन्याय वाटलं, नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं इतकं. पण मग स्कोअर बघितले आणि जरा गार पडले. २ एप्रिलला पहिली मॅच इथेच, युलाईनमध्ये, शिकागो ८१-६५. दुसऱ्या रात्री परत इथेच, शिकागो ६९-५३. अख्ख्या सीझनमध्ये घरच्या मैदानावर एक मॅच हरलेली टीम लागोपाठ दोन हरली आणि त्याही १६-१६ पॉइंटने! शिकागोला जाऊन तिसरीही हरले, मग दोन जिंकून जरा धुगधुगी आणली, आणि १३ एप्रिलला सहाव्या मॅचमध्ये ६६-६१ ने विषय संपला. आता फॉरमॅट बावळट होता हे मी अजूनही म्हणेन, पण या सहा मॅचेस फॉरमॅटच्या माथी नाही मारता येत. फायनलला गेले असते तरी असंच खेळले असते तर कोण काय करणार.

हे स्कोअर किरकोळ वाटले ना? तेव्हा शॉट क्लॉक नव्हताच, म्हणजे बॉल मिळाल्यावर २४ सेकंदांत शॉट घ्यायचा ही भानगड १९५४ ला आली, त्याआधी बॉल हातात घेऊन हवा तितका वेळ काढा. आणि नेम बेताचाच, पूर्ण लीगचे मिळून शंभरात अठ्ठावीसच्या आसपास शॉट आत जायचे. अशात फिलाडेल्फिया वॉरियर्सकडे एक जो फल्क्स नावाचा केंटकीचा पोरगा होता, उडी मारून हवेतून शॉट घ्यायचा, जे तेव्हा फारसं कोणी करत नसे, आणि मॅचमागे २३ पॉइंट काढायचा. टीमच ७० करतेय आणि त्यातले २३ एकट्याचे, म्हणजे बघा. ईस्टमध्ये दुसरे आलेले हे वॉरियर्स सेंट लुईस आणि मग न्यूयॉर्कला हरवून अलगद फायनलला. १६ एप्रिलला पहिल्या मॅचमध्ये फल्क्सचे ३७, आणि समोर वॉशिंग्टनला लोळवून आलेल्या शिकागोने १२९ शॉट मारले त्यातले २६ आत. ८४-७१. शेवटी ४-१ ने सिरीज, पाचवी मॅच ८३-८०, शेवटच्या मिनिटात हाऊई डॉलमरने बास्केट टाकली ती निर्णायक. एनबीए आज हेच आपलं पहिलं टायटल धरते, आणि स्टेफ करीची गोल्डन स्टेट वॉरियर्स म्हणजे हीच टीम, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाला गेलेली.

एक गोष्ट मात्र राहून राहून खटकते. ती २९ विजयांची मजा या हॉलमध्ये बघितली कोणी? युलाईनमध्ये तेव्हा काळ्या लोकांना बॉक्सिंगला तिकीट मिळायचं, बास्केटबॉलला नाही. डीसीचेच ई. बी. हेंडरसन, शाळांमधून काळ्या मुलांना बास्केटबॉल शिकवणारे, यांनी बहिष्काराचं आंदोलन चालवलं तेव्हा १९४८ मध्ये हा नियम गेला. आणि १९५० मध्ये याच कॅपिटल्सकडून अर्ल लॉइड खेळला, शेजारच्या अलेक्झांड्रियाचा, एनबीएच्या मॅचमध्ये उतरलेला पहिला काळा खेळाडू. दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १९५१ मध्ये, टीमच बंद पडली.

बरं, तो फॉरमॅट आला कुठून? हॉकीतून. १९३० च्या दशकात हॉकीवाले असंच खेळवायचे, पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा, आणि मालक तेच, तर डोकंही तेच. पुढच्या वर्षीही हाच ठेवला आणि परत तेच झालं, १९४८ ला खालच्या बाजूने आलेलं बाल्टिमोर चॅम्पियन. दोनपैकी दोन वेळा! तेव्हा कुठे यांची ट्यूब पेटली आणि १९४९ पासून प्रत्येक गटाचा आपापला ब्रॅकेट आला, म्हणजे आधी गटातल्या गटात खेळा आणि दोन गटांचे विजेते फायनलला. त्या वर्षी आउरबाखची कॅपिटल्स अखेर फायनलला पोचली. समोर मिनियापोलिस लेकर्स, आणि त्यांच्यात जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच. चौथ्या मॅचमध्ये त्याचं मनगट मोडलं, प्लॅस्टर घालून पाचवीत त्याने २२ पॉइंट काढले, आणि सहावी लेकर्सनी ७७-५६ ने मारली.

स्लीपिंग बॅग घेतली शेवटी. सेलमध्ये.