परक्यांची हाडं कशाला जपता?

पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमात मी मानवी अवशेषांचं जतन शिकते. हे कळलं की नागपुरातले नातेवाईक हमखास विचारतात, "आपण आपल्या माणसाच्या अस्थी रामटेकला अंबाळ्यात सोडून येतो. तू परक्यांची हाडं डब्यात का ठेवतेस?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

नागपूरजवळ काटोल रोडकडची जुनापाणी, माहुरझरीची शिलावर्तुळं, म्हणजे भोवती दगडांचं वर्तुळ रचलेली दफनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 दरम्यान माहुरझरीला उत्खनन केलं, तेव्हा दफनांमध्ये घोड्यांचे अवशेष आणि त्यांची तांब्याची आभूषणं निघाली. त्या लोकांनीही आपल्या माणसाला रीतसर निरोप दिला होता. विसर्जन ही आपली रीत. ती त्यांच्यावर लादायचा हक्क आपल्याला नाही. त्यांची मांडणी आपण उकरली हे खरंच, आणि म्हणूनच पुढची जबाबदारी आपली.

ती जबाबदारी फार नाजूक आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि आतलं हाड तिच्याबरोबर तडकत जातं. ओल्या मातीतलं हाड एकदम मे महिन्याच्या उन्हात उघडं पडलं तर त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून वर सावली धरायची, बांबूची काडी आणि मऊ ब्रशने माती काढायची, हाड सावकाश वाळू द्यायचं. अगदीच ठिसूळ असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पातळ पॅरालॉइड बी-72 (हाड घट्ट करणारं अ‍ॅक्रिलिक रेझिन) थेंबाथेंबानं मुरवायचं. ते पुढे अ‍ॅसिटोननंच काढता येतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पूर्वी शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, लावायचे. ते वर्षांनी पिवळं पडतं आणि निघता निघत नाही. काहीही लावण्याआधी कार्बन-14 (हाडाचं वय काढायची चाचणी) आणि डीएनएसाठी नमुना बाजूला काढायचा. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं घट्ट हाड डीएनए चांगलं टिकवून धरतं, त्याला उगाच हात लावायचा नाही.

एवढं कशासाठी? या लोकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं एक अक्षर आपल्याकडे नाही. पण दातांवरच्या आडव्या खाचा दिसल्या, की लहानपणी आजारपण किंवा उपासमार येऊन गेली असावी हे कळतं. एवढ्या जुन्या लेकराचे हाल समजल्यावर मी ते हाड निष्काळजीपणे ठेवूच शकत नाही.

म्हणून एकाची हाडं दुसऱ्याच्या हाडांत मिसळू द्यायची नाहीत, आम्लरहित कागदात गुंडाळून प्रत्येकाचा डबा वेगळा ठेवायचा. आणि कवटी हातात घेऊन फोटो काढू देत नाही, कितीही जवळच्यांनी मागितला तरी.