लग्नाचा आल्बम आणि सुरुंग

माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचा आल्बम सव्वा महिना हायवेच्या साइट ऑफिसात पडून होता. नवी जाऊ दर दोन दिवसांनी विचारायची, "ताई, आल्बम कधी परत येणार?" माहेरची माणसं आली तर दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी तिला सांगितलं, नवव्या पानावर तू हळदीला बसली आहेस ना, तुझ्या डोक्यामागे आपली उत्तरेची भिंत दिसते आणि तिला तडा नाही. आपल्याकडे पुरावा काय तो तेवढाच आहे, तेव्हा थोडी कळ काढ.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. कागदावर तो आता ६६ नंबरचा, पण आम्ही अजून सतरा नंबरच म्हणतो. पनवेल ते इंदापूर हा चौपदरीकरणाचा पहिला टप्पा २०११ साली सुरू झाला. आमच्याकडे खरी डोंगरकटाई पोचली ती २०२२ च्या दिवाळीनंतर. रस्ता आम्हालाही हवाच होता. २०१६ च्या ऑगस्टात महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हापासून पावसात घरातलं माणूस मुंबईला निघालं की पोचल्याचा फोन येईपर्यंत इथे कुणाला झोप लागत नाही. त्यामुळे काम नको असं वाडीत कुणीच म्हणत नव्हतं. मी ग्रामपंचायतीची सदस्य आणि रस्त्याकडेला आमची चहा-वड्याची टपरी. तक्रार आधी टपरीवर यायची, मग पंचायतीत.

आणि तक्रारींना तोटा नव्हता. पंधरा दिवसांत नळपाण्याची लाइन तीनदा तुटली. शाळेची पायवाट जिथे हायवेला उतरायची तिथे दोन पुरुष खोल खणून ठेवलं. डंपर गेला की धूळ थेट वरच्या बागेत, नुकत्याच फुटलेल्या मोहोरावर. आणि सुरुंग. कधी सकाळी सात वाजता, कधी ऐन दिवेलागणीला. सासरे कोकण रेल्वेच्या कामावर मुकादम होते, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यावर. पहिला बार झाला तसे ते पडवीतून उठून बाहेर आले आणि विचारलं, "भोंगा कुटं झाला?" आवाजापेक्षा त्यांना बाराआधीच्या इशाऱ्याच्या भोंग्याचंच जास्त लागलं.

आम्ही आधी केलं ते सगळेच करतात, रास्ता रोको. दोन तास बसलो. अडकली कोण, तर आमचीच एसटी, आणि तीत डायलिसिसला निघालेले खालच्या वाडीतले काका. रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा माणूस आला, "होऊन जाईल ताई" म्हणाला, दोन दिवस पाण्याचा टँकर फिरला आणि बंद झाला. खरं सांगायचं तर मला त्या दिवसाची लाज वाटते.

वळण लागलं ते शाळेच्या मास्तरांमुळे. ते म्हणाले, "तुम्ही धूळ धूळ करताय, पण धूळ मारण्याबद्दल त्यांच्या करारात काय लिहिलंय ते कुणी वाचलंय का?" कुणीच वाचलं नव्हतं. मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र अ, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. माझ्या पहिल्या मसुद्यात धूळ, पाणी, सुरुंग, पायवाट सगळं होतं. मास्तरांनी लाल पेनाने कापून एकच ओळ ठेवली: आमच्या हद्दीतल्या कामाच्या करारातल्या बांधकाम काळातल्या पर्यावरण, वाहतूक आणि सार्वजनिक सोयींबाबतच्या अटींच्या प्रती मिळाव्यात. उत्तराची मुदत तीस दिवसांची. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं, पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरा.

ती पानं इंग्रजीत होती. मास्तर आणि माझा बारावीतला मुलगा दोन संध्याकाळी टपरीच्या मागच्या बाकावर बसून वाचत होते. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनच्या जाड्या पुस्तकात कलम ११० पाण्याच्या लाइनी, विजेचे खांब अशा सोयींबद्दल आहे, १११ पर्यावरण जपण्याबद्दल आणि ११२ काम चालू असताना वाहतुकीची व्यवस्था कशी ठेवायची याबद्दल. म्हणजे आम्ही ज्यासाठी हात जोडत होतो ते त्यांचं कामच होतं. वेगळी मेहेरबानी नव्हती, त्याचे पैसे कामाच्या दरातच धरलेले. मुलाने हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातात कांदा होता, तो मी तसाच धरून बसले.

त्यानंतर आमची भाषा बदलली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव केला, त्यात निषेध वगैरे काही नाही, फक्त कलमांचे नंबर आणि संयुक्त पाहणीची मागणी. सरपंचांना आधी ते मिळमिळीत वाटलं. मीच अडून बसले.

पाहणीला तलाठी, मंडळ अधिकारी, कंपनीचा साइट मॅनेजर आणि कामावर देखरेख ठेवणाऱ्या सल्लागार कंपनीचा एक इंजिनिअर असे आले. हा इंजिनिअर जेमतेम तिशीतला, विदर्भातला. तो मला आधी "मॅडम" म्हणत होता, दुसऱ्या चहाला "काकू" झाला. सुरुंगाच्या वेळेवरून सर्वात जास्त ताणलं गेलं. मॅनेजरना संध्याकाळी साडेपाच हवे होते, दिवसाचं भोकं पाडणं संपलं की लगेच बार. आमच्याकडे त्याच वेळी गुरं परततात, पोरं शाळेतून येतात, शेवटची एसटी येते. मी म्हटलं, "साहेब, गेल्या उन्हाळ्यात परशुराम घाटात कटाईसाठी हायवे दिवसाचे काही तास बंद ठेवलात, त्याच्या वेळा आठवडाभर आधी पेपरात आल्या. गाड्यांना वेळ सांगता येते, मग माणसांना का नाही?" मॅनेजर काही बोलले नाहीत, पण लिहून घेतलं: दुपारी १ ते २, गुरुवारी बाजारामुळे नाही, आदल्या संध्याकाळी वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप, तीनदा भोंगा आणि दोन्ही टोकांना लाल झेंडा. एक ते दोनच का? तेव्हा पोरं वर्गात बसून खिचडी खात असतात आणि मास्तर डोकी मोजू शकतात. सासऱ्यांना सांगितलं तर ते फक्त म्हणाले, "भोंगा लिवलास ना?"

मग आमच्या ओटीखालच्या अंगणात एक डबा आला, कंपनं मोजायचा. जमिनीत तीन खिळे रुतवलेले आणि वर वाळूची पिशवी. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा दिलेली आहे, धक्का मंद लाटेचा असेल तर सेकंदाला ५ मिलीमीटर. पहिल्या दिवशी डब्यावर सहाच्या वर आकडा आला. मला वाटलं आता हा इंजिनिअर डबा उचलून नेणार. त्याने उलट काम थांबवलं आणि अंगणातल्या मातीत काडीने रेघा मारून समजावलं. एकूण दारू किती यापेक्षा एका क्षणाला किती उडते याला महत्त्व असतं. सगळी भोकं एकदम न पेटवता मधे काही मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं, तर डोंगर तेवढाच फुटतो आणि घराला पोचणारा धक्का निम्म्यावर येतो. दुसऱ्या दिवशी तीनच्या आत. हे पहिल्याच दिवसापासून करता आलं असतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. आम्ही दोघंही ते बोललो नाही.

तोवर आमच्या भिंतीला तडा गेलेला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा वर, थेट वाशापर्यंत, जांभ्याच्या चिऱ्याचा सांधा दिसेल इतका. कंपनीचं म्हणणं, जुनं घर, तडा आधीचाच असणार. वाडीतल्या अकरा घरांना तडे होते आणि अकरांपैकी एकाकडेही आधीचा फोटो नव्हता. आपल्याच भिंतीचा फोटो कोण काढून ठेवतं? मग रात्री जावेच्या कपाटातला आल्बम आठवला. लग्न मे २०२२ चं, फोटोग्राफरने कोपऱ्यात तारीख छापलेली. त्याच्याकडून मूळ फाइलही आणली. बाकी दहा जणांना मी आपापल्या घरचे बारशाचे, सत्यनारायणाचे, गणपतीच्या आरतीचे फोटो शोधायला लावले. सहा घरांचं काम झालं. गणपतीच्या मखराच्या मागून भिंत शोधायला भिंग लागलं, पण झालं.

इंजिनिअरने तड्यांवर काचेच्या पट्ट्या बसवल्या. बोटाएवढी पट्टी, दोन टोकं सिमेंटमध्ये, वर मार्करने तारीख. तडा वाढला की काच तुटते, वादाला जागा राहत नाही. सासरे रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की पट्टी बघून यायचे. आमची तुटली नाही. शेजारच्यांची दोनदा तुटली. रोख भरपाई कुणालाच मिळाली नाही, पण सातही घरांची दुरुस्ती कंपनीने स्वखर्चाने करून दिली. उरलेल्या चार घरांचं काही झालं नाही, आणि त्यातल्या एका घरातल्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पाइपलाइनचा उपाय हास्यास्पद वाटेल इतका सोपा निघाला. आमचा पाणी सोडणारा माणूस तीस वर्षं त्याच लाइनवर फिरतोय, नकाशात नाहीत ते जोडही त्याला ठाऊक. पोकलेनच्या पुढे तो फक्की टाकत चालायचा आणि चालक त्या पांढऱ्या रेघेपासून हातभर लांब बकेट मारायचा. लाइन पुन्हा तुटली नाही. धुळीसाठी मी टपरीच्या उधारीच्या वहीत मागच्या बाजूने टँकरच्या खेपा लिहायला घेतल्या, तारीख, वेळ, कुठपर्यंत पाणी मारलं. महिनाअखेरीस पानाचा फोटो इंजिनिअरला. टँकर त्यांच्या ऑफिसासमोरच जास्त फिरतो हे त्या वहीनेच दाखवलं. मोहोराचा एक बहर मात्र तोवर गेलाच होता.

शिमगा आला मार्चमध्ये. आमच्या ग्रामदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसवतात त्या चौथऱ्यावरून, निघून हायवे ओलांडून वरच्या वाडीत जाते, आणि ओलांडायची ती एकाच जागी. त्या जागी आता पंचवीस फुटांचा उभा कडा. मॅनेजरने विचारलं, "पालखी थोडी बाजूने नाही का नेता येणार?" देवीचे मानकरी गावकर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, पालखी आमी नेत न्हाय, ती जाते." याच्यावर करारात कलम नव्हतं. मी रात्री घरी येऊन तीनही कलमं पुन्हा वाचून काढली, उगाच. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने काही न सांगता मुरुमाचा उतार टाकायला घेतला, दोन रात्रीत रोलर फिरवून पक्का केला, आणि पालखीच्या दिवशी दुपारपासून मशिनं बंद ठेवली. उतारावर ढोल चढला तेव्हा रोलरचा ड्रायव्हर चप्पल काढून बाजूला उभा होता. गावकरांनी देवीपुढच्या गाऱ्हाण्यात कंपनीचं काम निर्विघ्न पार पाड असं घातलं, त्यावर मागून दोघेतिघे पुटपुटलेच. नंतर मॅनेजर टपरीवर कॅलेंडर घेऊन आले: गणपती, नवरात्र, देवदिवाळीची जत्रा, सगळ्यांवर खुणा करून घेतल्या.

पऱ्याचं, म्हणजे गावच्या ओढ्याचं, मात्र आम्ही हरलो. कटाईची माती पऱ्याच्या तोंडाशी ढिगाने टाकली होती, संयुक्त पाहणीत "३१ मेपूर्वी हलवणे" असं लिहिलं होतं, खाली सह्या होत्या. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा ढीग तिथेच. तांबडा गाळ मोरीत बसला आणि पाणी खालच्या सात जणांच्या खाचरात घुसलं, रोपं गेली. पंचनामा झाला, भरपाईही मंजूर झाली, पण मिळाली तिघांनाच. बाकी चौघांचे सातबारे आजोबांच्या नावावर, सहहिस्सेदार विरार ते डोंबिवली पसरलेले, संमतीपत्रांवर सह्या व्हायच्या आहेत. शाळेच्या पायवाटेवर खणलेल्या जागी पायऱ्या मातीच्याच केल्या होत्या, त्याही त्याच पावसात वाहून गेल्या. लोखंडी जिना नंतर आला, पोरांनी त्याला आवाज चांगला येतो म्हणून वाजवून वाजवून मास्तरांना वैताग आणलाय.

गेल्या महिन्यात नणंदेकडे गेले होते. तिच्या घरामागे पुलाचं काम सुरू व्हायचंय, आखणीचे खुंट मारून झालेत. चहा झाल्यावर मी मोबाइल काढला आणि ओटीपासून न्हाणीपर्यंत प्रत्येक भिंतीचे फोटो काढायला लागले, कोपऱ्यात त्या दिवसाचा पेपर धरून. पेपर तिच्या सुनेने धरला होता.

"अगो वयनी," नणंद म्हणाली, "रंग तरी काढू दे आधी."

"रंग नंतर काढ," म्हटलं, आणि माजघराकडे वळले.