लिंका विकत न घेता वाचक कसे आले, माझा अनुभव

आमच्या वरुड पट्ट्यात संत्र्यावर बोलणारे घरोघरी आहेत, पण नेटवर मराठीत शोधलं की औषधांच्या जाहिरातीच आधी येतात, म्हणून मी ब्लॉग सुरू केला. कोळशी, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग), आंबिया बहाराची म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याची फळगळ, सगळं बाबांना विचारून विचारून लिहिलं. लेख झाला की लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, दिवसभर लोक यायचे, रात्री गुड नाईटचे फोटो सुरू झाले की लिंक गेली वर अन् मग कोणी फिरकत नव्हतं. गुगलवर तर कुठंच नाही.

त्यात एका एजन्सीचा फोन, मॅडम पैसे भरा, हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका, देतो. मी आधी वाचत बसले. गुगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँकची, म्हणजे पानांचं महत्त्व ठरवायची, पद्धतच अशी की कोणत्या पानाकडे कोण बोट दाखवतं अन् दाखवणाऱ्याचं स्वतःचं वजन किती. बैल घेताना बाजारातल्या दहा दलालांपेक्षा गावातल्या एका जाणत्या कास्तकाराचं आपण ऐकतो ना, तसंच. विकतच्या लिंकांवर तर २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून, म्हणजे शोधाच्या पद्धतीत केलेल्या एका बदलापासून, गुगल जास्तच कडक झालंय. फोनवाल्याला नाही म्हटलं.

सुरुवात घरातून केली. कोळशीच्या लेखात होतं की काळी माशी पानातला रस शोषते, तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, झाड अशक्त होतं, फळं गळतात. त्या 'फळं गळतात' वरच फळगळीच्या लेखाची लिंक दिली, तिथून पाण्याच्या ताणाच्या (फुलोऱ्यासाठी झाडाचं पाणी तोडण्याच्या) लेखाची. 'इथे क्लिक करा' कुठंच ठेवलं नाही, पलीकडे काय आहे ते लिंकवरच्या शब्दांवरूनच कळतं, गुगललाही अन् माणसालाही.

एक भानगड खास मराठीवाल्यांची. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला की कॉपी करताना टक्क्याच्या चिन्हांची हातभर माळ होते, माझ्या काकांना तो व्हायरसच वाटला, दाबलीच नाही त्यांनी! नवीन लेखांचे पत्ते आता छोटे, इंग्रजी अक्षरात.

कमेंटमध्ये लिंका टाकत फिरू नका, तिथं बहुतेक नोफॉलो (ही लिंक मोजू नको, असं गुगलला सांगणारी खूण) लागलेलं असतं, २००५ पासून आहे ते.

खरा फरक पडला तो एका नर्सरीवाल्या काकांमुळे. ते स्वतः छान लिहितात, त्यांचा कलम निवडीचा लेख मी आधीपासूनच जोडला होता. जंभेरीच्या खुंटावरच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात) त्यांच्या लेखात डिंक्याचा नुसता उल्लेख होता. मेल केला, काका, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतानाचे आमच्या बगीच्यातले फोटो आहेत, बघा, उपयोगी वाटलं तरच जोडा. त्यांनी त्याच वाक्यात लिंक दिली. तिथून येणारे लोक थांबून वाचतात, कारण त्यांच्या डोक्यात तोच विषय चालू असतो, आणि ते अजूनही येतात, ग्रुपसारखे एका दिवसात संपत नाहीत. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातल्या लिंक रिपोर्टमध्ये त्यांची साइट दिसली तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवलं.

आता दर डिसेंबरात, आंबियाचा ताण चालू असताना, बाहेरच्या सगळ्या लिंका एकेक दाबून बघते. खताच्या मात्रेची पीडीएफ ऐन वेळी उघडली नाही तर समोरचा पुन्हा दुकानदारालाच विचारणार, म्हणून तुटकी दिसली की त्याच दिवशी नवीन शोधून टाकते.