त्यांनाच विचारा

मंगळवार, रात्री

संध्याकाळी दादाबरोबर गोखले रोडला चपला घ्यायला गेले. दादा म्हणजे माझा मावसभाऊ; पंचेचाळिशीचा, कानशिलावरचे केस पांढरे झालेले. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. दुकानातल्या मुलाने माझ्याकडे बघत विचारलं, "याचा नंबर काय?" दादाच म्हणाला, "आठ." तरी पुढचा प्रश्न पुन्हा मलाच, "याला काळी आवडेल?" मुलगा उद्धट नव्हता, चप्पल अगदी जपून चढवत होता. पण मला ‘ताई, तुम्ही’ आणि माझ्याहून मोठ्या माणसाला ‘बाळा, जरा चालून बघ’!

घरी मीही दादाला अरेतुरेच करते. ते हक्काचं. विशीतल्या परक्या मुलाने पंचेचाळिशीच्या गृहस्थाला एकेरीत बोलावणं मला खपत नाही.

नावांचा खल मात्र कितीतरी झाला. मावशीला पूर्वी मिळालेल्या कागदांवर ‘मतिमंद’ असायचं. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ सुचवलं, पाट्या बदलल्या. अपंगत्व असलेल्या अनेकांना तो शब्दही नकोसा वाटतो. देवत्व चिकटवून हक्काचं बोलणं मागे पडतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. आणि ‘डाऊन सिंड्रोमग्रस्त’ तर मुळीच लिहू नये. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत जन्मापासूनच असते. दादाला कशानेही ग्रासलेलं नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. दुकानातल्या ‘बाळा’ला हे कलम लागत नाही, लागूही नये. तिथे बरोबरच्या माणसानेच बोलायला हवं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा ना." मुलगा लगेच दादाकडे वळला, "काका, काळी की तपकिरी?" दादाने दोन्ही घालून बघितल्या, पट्टा टोचतोय म्हणून एक परत केली, तपकिरी घेतली. एवढा वेळ त्याला कुणी दिलाच नव्हता.

गुरुवारी दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. तिथेही कुठला दात दुखतो ते मलाच विचारतात. या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत दादा बसेल, मी मागच्या बाकावर. मावशीला तसं आत्ताच सांगून ठेवलंय.