कत्तलेकान: टाचणी दिसली की नाही?

होन्नावरला कोकण रेल्वेतून उतरून जोगकडे जाणारी बस धरली. गेरसोप्पा मागे पडलं, मालेमने घाट सुरू झाला आणि खिडकीतला उजेडच कमी झाला. जायचं होतं कर्नाटकातल्या कत्तलेकानला. मराठी माणसाला या नावात 'कत्तल' ऐकू येते. पण कन्नडमध्ये कत्तले म्हणजे काळोख आणि कान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं सदाहरित रान. ऑक्टोबरात सकाळी साडेदहाला कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर न्यावा लागला, यावरून काय ते समजा.

आलो होतो मिरिस्टिका बांबूटेल या टाचणीसाठी, म्हणजे चतुराच्या नाजूक, काडीसारख्या भावंडासाठी. फक्त पश्चिम घाटात सापडणारी, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत 'संकटसमीप'. तिला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल मानवते. (आपल्या मसाल्यातली रामपत्री याच कुळातली.) चिखलातून मुळं वर येतात, वाकतात, परत चिखलात शिरतात; माणसाने गुडघे पोटाशी घेऊन बसावं तशी. त्यातूनच झाड श्वास घेतं. खालून बोटभर पाणी वाहत असतं, थंडगार. टाचणीचं बाळपण अशाच पाण्यात जातं. सावली गेली की पाणी तापतं, पाणी वळवलं की सगळंच संपतं. अशा सपाट, ओल्या जागा भातशेतीने आणि सुपारीच्या बागांनी कधीच गिळल्या. उरलेत ते तुकडे. त्यात शरावती खोऱ्यात २००० मेगावॅटच्या पंप्ड स्टोरेजचा (पाणी वर चढवून साठवायचं, मग खाली सोडून वीज करायची) प्रस्ताव आहेच.

मी उत्साहाने इकडेतिकडे फिरू लागलो तर सोबतचा वनरक्षक म्हणाला, "कूतकोळ्ळी." बसा. बसलो. तासाभराने एका मुळाच्या कमानीखाली काळी काडी हलली, टोकाशी निळं चमकलं आणि गेली. फोटोत नुसता निळा डाग आहे. तेवढ्यावर नाव लिहिणं मला पटत नाही, म्हणून माझ्या यादीत तिच्या रकान्यात प्रश्नचिन्हच.

जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, हा भाग अभयारण्यात आहे. मुक्काम होन्नावर किंवा सिद्धापूरला. जळवांसाठी लांब मोजे घाला. मीठ-तंबाखू किंवा डासांचं मलम लावून पाण्यात उतरू नका. खरं तर उतरूच नका, बाहेरच्या खडकावरून पाहा. एका बुटाखाली किती रोपं चिरडतात ते मी माझ्याच पायाखाली पाहिलं आणि वरमलो. सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस हे अत्यंत दुर्मीळ झाड तर याच गावाच्या नावाचं आहे, त्याचं रोप कुठलं हे आपल्याला थोडंच ओळखू येणार! दुर्बीण जवळ फोकस होणारी हवी, ट्रायपॉडला जागा नाही.

इतक्या लांब जमत नसेल तर सिंधुदुर्गात दोडामार्गातलं बांबर्डे आहे. तिथली जेमतेम २.५९ हेक्टरची अशीच दलदल २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. मी पुढच्या सप्टेंबरात तिथे जाऊन बसणार आहे.