माफीच्या आधी कबुली

रवांडात राजधानी किगालीच्या दक्षिणेला न्यामाटाचं चर्च आहे. आत बाकांवर मारल्या गेलेल्यांचे कपडे रचून ठेवलेत, मातीने विटलेले. एप्रिल १९९४ मध्ये, हुतू अतिरेक्यांनी तुत्सींचा वंशसंहार मांडला तेव्हा, लोक आसऱ्याला आले आणि तिथेच कापले गेले. पुढे काही पाळक-धर्मगुरूही दोषी ठरले. म्हणून तिथे क्षमेचा उपदेश करणाऱ्या चर्चने आधी स्वतःची चूक मान्य करायलाच हवी.

याच बुगेसेरा जिल्ह्यात म्ब्यो गाव आहे. प्रिझन फेलोशिप रवांडा या ख्रिस्ती संस्थेने तिथे वाचलेले आणि मारणारे शेजारी-शेजारी वसवले. संस्थेच्या तुरुंगातल्या उपक्रमाचं नाव 'उमुवुमु', म्हणजे उंबराच्या जातीचं झाड. आपल्या बायबलातला उंबरावर चढलेला जकातदार जक्कय आठवा: त्याने नुसतं 'चुकलो' म्हटलं नाही, लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं.

खरी मेख इथेच आहे. 'झालं गेलं विसरा' अशी मोघम माफी जखम चिघळवते. कुणाला मारलं, प्रेत कुठे टाकलं, हे सांगावंच लागतं. हाडं सापडल्याशिवाय दफन होत नाही, आणि दफनाशिवाय शोक अर्धाच राहतो. विधवेवर क्षमेची घाई कधीच लादू नये. आधी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलायचं, भेट त्यानंतर.

मग हाताला काम. म्ब्योत घरं दोघांनी मिळून बांधली. कच्ची वीट कडक उन्हात तडकते, म्हणून गवताने झाकून सावकाश सुकवावी लागते. तेवढे दिवस शेजारी बसावंच लागतं, बोलणं तिथेच सुरू होतं.