अकरा सेंटीमीटर

मे महिन्यातली हद्दकायमची, म्हणजे शेताची हद्द ठरवून दगड रोवायची मोजणी. दोन सख्ख्या भावांमधला बांध. थोरला मुंबईला, धाकटा गावात कसणारा. नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद, पण त्या दिवशी दोघंही नोटिशीवरच्या वेळेला बांधावर हजर. मोजणीदार म्हणून वीस वर्षांच्या नोकरीत असं मी फार कमी वेळा पाहिलंय. एरवी एक जण येतो आणि दुसरा लांबून झाडाखालून बघत बसतो.

टिपण, म्हणजे आधीच्या मोजणीची मापं लिहिलेला कागद, जुनं, साखळी-आण्यातलं. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. गुंठा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो त्या लोखंडी साखळीतून आलाय हे शेतकऱ्याला सांगितलं की तो चकित होतो. हे टिपण ज्यानं लिहिलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्याच्या आकड्यांवरून लंब टाकत गेलो तर जुनी विहीर अर्ध्या आण्यात जुळली. असलं टिपण हातात आलं की मला फार बरं वाटतं.

साडेअकराच्या सुमारास वावटळ उठली. मोजणीच्या मशीनवर धरलेली छत्री उलटली, तिचा दांडा ट्रायपॉडला बसला. शिपायानं मशीन वरच्यावर झेललं, पण ट्रायपॉडचा एक पाय दगडावर आपटला. पुन्हा उभं केलं, बुडबुडा मध्ये आणला, बॅकसाइट घेतली, म्हणजे मागच्या ठरलेल्या खुणेवर मशीन लावून दिशा पक्की केली, आणि पुढचे चार कोपरे मोजले. सवयीनं बॅकसाइट परत तपासली तर जुळेना. पुन्हा लावली, दहा मिनिटांनी परत सरकलेली. पायाचा वरचा सांधा ढिला झाला होता आणि मशीन हळूहळू पिळत होतं. बांधाच्या दुसऱ्या टोकाला, एकशे चाळीस मीटरवर, फरक येत होता अकरा सेंटीमीटर. नट आवळून पाहिला, तारेनं बांधून पाहिलं. कार्यालयाचा दुसरा ट्रायपॉड त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलेला.

धाकटा म्हणाला, "साहेब, वीतभरसुद्धा नाय. रोवा दगड."

थोरल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला मान्य आहे. कुठं सही करू सांगा."

मी हिशेब केला. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला अकरा सेंटीमीटर, म्हणजे पाऊण-एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब पट्टीएवढी जागा. गुंठ्याचा तेरावा हिस्सा. तरी मी मोजणी थांबवली आणि तसा पंचनामा लिहिला.

त्या वेळी माझ्या डोक्यात लॅम्बटन होता. विल्यम लॅम्बटन हा इंग्रज पायदळातला अधिकारी. हिंदुस्थानात येण्याआधी अमेरिकेत लढाईवर गेलेला, मग न्यू ब्रन्सविकमध्ये नव्या वसाहतदारांच्या जमिनी मोजलेल्या. म्हणजे आमचंच काम. 1799 साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्री पलटण चुकीच्या दिशेनं चालली आहे हे त्यानं ताऱ्यांवरून ओळखलं. लढाई संपल्यावर त्यानं सरकारकडे दक्षिणेच्या मोजणीची योजना मांडली आणि उरलेलं आयुष्य त्यातच घातलं. 10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी मोजणी काढायची ती पहिली रेषा, मोजायला घेतली. साडेसात मैल अंतराला सत्तावन्न दिवस लागले. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवून, शेजारी तापमापक ठेवून, कारण उन्हानं पोलाद वाढतं. मद्रास ते मंगळूर ही द्वीपकल्पाची रुंदी नकाशात चारशे मैल होती, ती त्याच्या मोजणीत तीनशे साठ भरली.

आणि 1808 मधली तंजावरची गोष्ट. बृहदीश्वराच्या देवळावर त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, चढवताना दोर तुटला. अर्ध्या टनाचं यंत्र, तीन फूट व्यासाचं अंशांचं चक्र, ते भिंतीवर आपटून वाकलं. बदली यंत्र विलायतेहून यायला किती काळ लागला असता! लॅम्बटननं स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून सहा आठवडे ते चक्र केसाकेसानं ओढून परत गोल केलं. 20 जानेवारी 1823 ला, सत्तरीच्या आसपास, हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला तो वारला. मोजणीवरच होता. कबर तिथंच आहे.

प्रशिक्षणात हे ऐकल्यापासून बिघडलेल्या मशीनवर घेतलेला आकडा लिहायला माझा हात धजत नाही. आमच्यात "ॲडजस्ट करून टाक" म्हणणारे पुष्कळ आहेत आणि महिन्याचा प्रकरणांचा आकडा गाठायचा असतो हेही खरं. पण आज ॲडजस्ट केलेल्या दगडावरून पुढचा मोजणीदार पुढचा गट मोजतो. लोकांना वाटतं मशीन आलं म्हणजे चूक संपली. मशीन उभं राहतं तीन लाकडी पायांवर.

पुढची तारीख मिळेपर्यंत पाऊस पडला, पेरणी झाली. उभ्या पिकात मोजता येईना. काम झालं ते दिवाळीनंतर. थोरला आला नाही, त्यानं मुलाला पाठवलं. मुलानं येतानाच वकील आणला होता. दगड रोवले, दोघांच्या सह्या झाल्या, बॅकसाइट शेवटपर्यंत जागची हलली नाही. निघताना धाकटा मोटारसायकलीपर्यंत सोडायला आला.

"साहेब, त्या दिवशी दादा माझ्याकडं जेवायला थांबणार होता," तो म्हणाला. "मोजणी झाली की जेवू, असं ठरलेलं आमचं."